भोकरगव्हाणची अधिकृत विस्मृती

नागरिकांनी म्हातारपणी काहीही विसरू नये, असे शासनाने ठरवले. राज्य स्थापन होऊन चार वर्षे झाली होती, जिल्हा परिषदेला दोन. आणि एवढ्या अल्पावधीतही नागरिकांनी विसरून जावे असे पुष्कळ घडून गेले होते. तेव्हा निर्णय धाडसाचाच म्हटला पाहिजे.

त्याचे कारण असे झाले, की खात्यातले एक मोठे अधिकारी अभ्यासदौऱ्यावर परदेशी गेले होते. तिथल्या एका बागेत त्यांना ऐंशी-ऐंशी वर्षांचे म्हातारे फिरताना दिसले आणि त्या म्हाताऱ्यांना स्वतःच्या घरचा पत्ता सांगता येत होता. चौकशीअंती कळले, की जो माणूस रोज दोन तास झाडांच्या सोबतीने, मोकळ्या हवेत, मातीवरून चालतो, त्याचा मेंदू ताजा राहतो आणि ज्याला आपल्याकडे म्हातारचळ म्हणतात तो सहसा त्याच्या वाट्याला जात नाही. यात खोटे काहीच नव्हते. पण खरी गोष्ट शासनाच्या हाती लागली, की तिची योजना होते.

'वार्धक्य-विस्मृती प्रतिबंधक निसर्गसंपर्क योजना' सतरा पानांची होती. ती जिल्ह्याला पोचली. बुलढाण्याची हवा मुळातच थंड. खिडक्या उघडल्या की कागद उडतात, म्हणून त्या घट्ट लावून निसर्गसंपर्काचा अभ्यास करण्यात आला. प्रायोगिक तत्त्वावर एक गाव निवडायचे होते. देऊळगाव राजापासून सहा मैलांवरचे भोकरगव्हाण निवडले गेले, कारण तिथे साडेअकराला एसटी जात होती आणि साडेचारला परत येत होती.

विस्तार अधिकारी त्या साडेअकराच्या एसटीने उतरले. सरपंच गुलाबरावांनी त्यांना चहा पाजला आणि गावाभोवती हात फिरवून सांगितले, की निसर्गाला आमच्याकडे तोटा नाही. ज्वारी आहे, तूर आहे, कपाशी आहे. अधिकाऱ्यांनी पान नऊ उघडले. शेत हा निसर्ग धरता येत नव्हता. व्याख्येप्रमाणे निसर्ग म्हणजे 'झाडे, पक्षी व मोकळी हवा असलेले, परंतु काम नसलेले ठिकाण'. भोकरगव्हाणात काम नसलेले ठिकाण म्हणजे ग्रामपंचायतीची कचेरी. पण तिथे झाडे नव्हती.

शेवटी गुलाबरावांनी त्यांना पांदणीत नेले. पांदण म्हणजे शेताशेतांमधून जाणारी गाडीवाट. ही मारुतीच्या देवळामागून निघून नाल्याच्या अंगाने पाऊण मैल जात होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी बाभळी, निंब, हिवर अशी दाटी होती. होले घुमत होते. एक मोर अधिकाऱ्यांच्या समोरून वाट ओलांडून गेला. अधिकारी थांबले.

“इथे काम कोण करतं?”

“काम कोनी नाही करत साहेब,” गुलाबराव म्हणाले. “इथून लोक कामाले जातेत.”

“पण इथे करत नाहीत ना?”

“इथं नाही करत.”

“मग हाच निसर्ग,” असे म्हणून अधिकाऱ्यांनी जागेवरच शेरा लिहिला.

दिवाळीच्या आत पांदणीला दोन्ही बाजूंनी काटेरी तार आली. देवळाच्या बाजूला लोखंडी फाटक आले, आत सिमेंटची चार बाकडी आली, आणि 'येथे दीर्घ श्वास घ्या' अशी पाटी आली. भगवंतराव नावाच्या गावकऱ्याला फाटकावर राखणदार नेमले. दिवाळीनंतर झालेल्या उद्घाटनाला गुलाबरावांच्या गळ्यात हार घालून योजनेचे पहिले कार्ड सन्मानपूर्वक त्यांनाच देण्यात आले. कार्डावर काय लिहिले आहे ते त्यांनी वाचले नाही. सन्मान वाचायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडराव गाडी जुंपून फाटकाशी आले. उकंडरावांचे आठ एकर पांदणीच्या पलीकडच्या टोकाला होते. ज्वारी कापणीला आली होती. पन्नास वर्षे ते याच वाटेने जात होते. त्यांच्या आधी त्यांचे वडील, आणि त्यांच्याही आधी कोण जात होते ते उकंडरावांना नावानिशी ठाऊक होते. फाटकावरचा भगवंतराव नात्याने त्यांचा चुलतभाऊ.

“दादा, कार्ड हाये का?”

“कायचं कार्ड बे?”

“इसरल्याचं.”

“म्या काय इसरलो?”

“थेच त,” भगवंतराव म्हणाला. “काही इसरले नसान त आत सोडता येत नाही.”

उकंडराव गाडी तिथेच उभी करून साडेअकराच्या एसटीची वाट पाहत बसले. अधिकारी उतरले, त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी समजावून सांगितले, की निसर्ग मर्यादित आहे आणि गरजूंनाच तो मिळाला पाहिजे. ज्यांची स्मरणशक्ती शाबूत आहे त्यांनी आत फिरणे म्हणजे धडधाकट माणसाने दवाखान्यातली खाट अडवण्यासारखे आहे. दुसरी वाट नाल्यातून होती, पण तिथला उतार असा, की रिकामी गाडीसुद्धा कलंडते, हे उकंडरावांनी सांगितले. अधिकाऱ्यांना ते पटले. पण उतार त्यांच्या खात्याकडे नव्हता.

उकंडरावांनी बैलांचे विचारले. अधिकाऱ्यांनी पाने चाळली. बैलांबद्दल स्पष्ट मनाई नव्हती. त्यांनी विचारले, की बैलांना शेतातून घरी यायची वाट आठवते का. उकंडराव अभिमानाने म्हणाले, की गाडीत मी झोपलो तरी ते मला दारात आणून सोडतात. तेव्हा बैलही अपात्र ठरले.

राहिला एक मार्ग: योजनेतली स्मरणशक्तीची परीक्षा द्यायची; तीत नापास होणाऱ्याला कार्ड मिळत होते. उकंडरावांच्या मनात विसरल्याचे सोंग आणायचे नव्हते, तसे त्यांना जमलेही नसते. ते खरे तेच सांगायला बसले. अधिकाऱ्यांनी जन्मतारीख विचारली. उकंडराव म्हणाले, संवत छप्पनच्या दुष्काळात, पोळ्याच्या करीला. तारीख सांगता आली नाही, अशी नोंद झाली. आज तारीख किती, तर कार्तिक वद्य पंचमी, उद्या बाजार. नोंद तीच. मग अधिकाऱ्यांनी पत्नीचे नाव विचारले.

उकंडरावांनी टोपी काढली, परत घातली.

“काय नाव? पत्नीचं?”

“घरची मंडळी,” उकंडराव खाली पाहत म्हणाले.

“नाव काय त्यांचं?”

“लेकराइची माय.”

अधिकाऱ्यांनी सहानुभूतीने मान हलवली आणि लिहिले: 'पन्नास वर्षे संसार होऊनही पत्नीचे नाव आठवत नाही.' उकंडरावांना कार्ड मिळाले. विस्मृतीग्रस्त, वर्ग क, म्हणजे गंभीर.

कार्डामुळे निसर्गात सकाळी सात ते नऊ जाता येत होते, रिकाम्या हाताने, सावकाश, प्रत्येक बाकड्यावर थांबून. भगवंतराव चुलतभाऊ असल्यामुळे पलीकडच्या टोकाला तारेखालून निघून जाणाऱ्या माणसाकडे तो पाहत नसे. एवढ्यावर उकंडरावांनी ज्वारी कापली, खळे केले, मळणीही उरकली. पण धान्य शेतात आणि गाडी गावात, अशी गत झाली. पोती काही तारेखालून येत नाहीत.

इकडे पांदणीवर शेत असलेल्या बाकीच्या चाळीस घरांनाही शेतात जायचे होतेच. गावाने परीक्षेला रांग लावली. वयाची अट साठची होती, पण जिल्ह्याला उद्दिष्ट दोनशेचे होते, म्हणून अधिकाऱ्यांनी ती 'अकाली विस्मृती' या सदराखाली शिथिल केली. नापास होण्यासाठी कोणाला मेहनत घ्यावी लागली नाही. पुरुष बायकोचे नाव घेत नव्हते. बायका तर विचारूच नका. तानाबाई नावाच्या एका ठसकेबाज बाईला अधिकाऱ्यांनी नवऱ्याचे नाव विचारले, तर ती म्हणाली, “थो काय भाईर उभा हाये, त्यालेच इचारा ना. मले काऊन बोलोता?” अधिकाऱ्यांनी लिहिले: 'पती समोर असूनही नाव सांगू शकत नाही. हाताने दाखवते.' तीही वर्ग क.

महिनाभरात भोकरगव्हाणात तीनशे बारा विस्मृतीग्रस्त झाले. सगळ्या विभागात एवढे विसराळू गाव दुसरे नव्हते. जिल्ह्याने अधिकाऱ्यांना अभिनंदनाचे पत्र दिले; इतके दिवस दुर्लक्षित राहिलेला हा गंभीर रोग त्यांनी उजेडात आणला, असे त्यात म्हटले होते. जे पन्नास वर्षे रोज झाडांतून, मोकळ्या हवेत, मातीवरून चालत होते त्यांनाच हा रोग एवढ्या प्रमाणात कसा झाला, असा प्रश्न एका कारकुनाने टिपणात उपस्थित केला होता. त्याची बदली झाली.

पौष उजाडला तरी उकंडरावांचे धान्य खळ्यावरच होते. दिवसा पाखरे, रात्री रानडुकरे. अखेर एका हुशार माणसाने त्यांना सल्ला दिला, की पांदणीचा मुद्दा तहसिलीत नेऊन मांडा. वहिवाटीचा रस्ता कोणालाच अडवता येत नाही, असा कायदा आहे. कायदा होता. तहसीलदारांनी नकाशा मागवला. नकाशा जुना, चार घड्यांचा. आणि भोकरगव्हाणची पांदण नेमकी घडीवर आली होती, तिथे कागद झिजून भोक पडले होते. नकाशा नसेल तर, तहसीलदार म्हणाले, ज्यांना ही वहिवाट आठवते असे दोन साक्षीदार आणा.

उकंडराव म्हणाले, एक तर मीच आहे. आणि ते सांगू लागले. कोणती बाभूळ कोणत्या साली वाढली, कोणत्या वळणावर कोणाच्या गाडीचा आख मोडला, प्लेगाच्या साली गाव शेतात राहायला गेले तेव्हा कोणाच्या डोक्यावर काय होते. अर्धा तास सांगत होते. कारकून लेखणी थांबवून ऐकत होता. तहसीलदारांनी म्हटले, की अशी स्मरणशक्ती मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही. मग ओळखीसाठी म्हणून त्यांनी उकंडरावांचे कार्ड मागितले.

'विस्मृतीग्रस्त, वर्ग क' याची साक्ष घेता येत नाही, हे सांगताना तहसीलदारांना खरोखर वाईट वाटले. उकंडराव दुसरे साक्षीदार घेऊन आले, त्यांच्याकडेही कार्डे. एकेक करत, फाटकावरच्या भगवंतरावासकट, सारे गाव तहसिलीच्या ओट्यावर येऊन गेले, आणि सारे गाव अधिकृतपणे काहीच आठवत नसलेले निघाले. गुलाबराव तेवढे तावाने म्हणाले, की मी सरपंच आहे, मला कोण विसराळू म्हणतो. तहसीलदारांनी त्यांना त्यांचे सन्मानाचे कार्ड वाचायला सांगितले. ते क्रमांक एकचे होते.

कार्ड रद्द करायची सोय होती. पंचेचाळीस फेऱ्या पूर्ण केलेल्या इसमाची पुन्हा परीक्षा घ्यायची, आणि उत्तरे बरोबर आली की तो बरा झाला असे समजायचे. उकंडरावांच्या फेऱ्या केव्हाच भरल्या होत्या. इंग्रजी तारीख शाळामास्तरांकडून पाठ करता आली. जन्मतारीख मास्तरांनीच एक बरीशी काढून दिली. उरला तिसरा प्रश्न.

त्या दिवशी उकंडराव चुलीपुढे येऊन बसले. मनकर्णाबाई भाकरी थापत होत्या.

“ऐकून राह्यली काय? मले तुहं नाव घ्या लागते,” उकंडराव म्हणाले.

“कायले?”

“साहेबापुढं. पोती आनाची हायेत.”

मनकर्णाबाईंचा हात थांबला. “पन्नास वर्सं नाही घेतलं, अन आता पोत्यासाठी घेता?”

“घेऊ का नोको, थे सांग.”

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाठीवर पाणी फिरवले, उलटली. मग तोंड भिंतीकडे करून म्हणाल्या, “घ्या. पन हळू घ्या. गावभर नोको.”

परीक्षा ग्रामपंचायतीत झाली. बातमी फुटली होती. खिडक्यांना लोक लटकले होते. अधिकाऱ्यांनी तिसरा प्रश्न विचारला. उकंडरावांनी घसा खाकरला, मारुतीच्या दिशेने हात जोडले आणि पुटपुटले, “मनकर्णा.” अधिकारी म्हणाले, ऐकू आले नाही. उकंडरावांनी ते मोठ्याने म्हटले. बाहेर तानाबाईने डोक्यावरचा पदर तोंडात धरला आणि मनकर्णाबाई घरी निघून गेल्या. मात्र जाताना त्या हसत होत्या, असे पाहणारे सांगतात.

योजनेतून बरा झालेला पहिला रुग्ण म्हणून उकंडरावांचा फोटो काढण्यात आला. जिल्ह्याला तार गेली. वर्ग क मधला माणूस पंचेचाळीस फेऱ्यांत खडखडीत होतो, म्हणजे त्या पांदणीतला निसर्ग असामान्य गुणकारी असला पाहिजे. तेव्हा तो कायमचा संरक्षित करावा, असा आदेश आठवड्यात आला. तारेची दुसरी रांग लागली. आणि उकंडरावांना आता विस्मृती उरली नसल्यामुळे त्यांचे कार्ड काढून घेण्यात आले. आता त्यांना सात ते नऊसुद्धा आत जाता येईना.

पण साक्ष देता येत होती. तहसीलदारांनी ती आनंदाने नोंदवून घेतली, पूर्ण नऊ पाने. आता दुसरा साक्षीदार आणा, म्हणाले.

मनकर्णाबाई त्यासाठी फेरपरीक्षेला बसायला तयार झाल्या. नवऱ्याने एवढे केले, तर आपणही काही करायला हवे, असे त्यांना वाटले असावे. मात्र नुसते नाव घेणे त्यांच्याने होणार नव्हते. बाईमाणसाने नाव घ्यायची एक रीत असते. अधिकाऱ्यांनी पतीचे नाव विचारताच त्यांनी पदर नीट केला आणि स्पष्ट आवाजात म्हटले:

“पांदणीतल्या हिवराखाली गाडी उभी केली,
उकंडरावाइची न्याहारी पन्नास वर्सं नेली.”

खिडकीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाट, झाड, गाडी, काळ आणि वहिवाट, सगळे दोन ओळींत आले होते. उकंडरावांच्या नऊ पानांत तरी याहून जास्त काय होते? पण अधिकाऱ्यांच्या तक्त्यात नावासाठी एका शब्दाचा रकाना होता. त्यांनी थोडा विचार केला आणि लिहिले: 'सरळ प्रश्नाला असंबद्ध पद्यात उत्तर देते.' तक्त्यात वर्ग क च्या खाली काही नव्हते. मनकर्णाबाईंसाठी वर्ग ड उघडण्यात आला.

बाकीच्यांपैकी कोणी बरा व्हायला धजेना. बरे झालेल्या माणसाची काय गत होते ते गावाने पाहिले होते. कार्ड असले तर तारेखालून का होईना शेतात जाता येते. बरा झाला की तेही गेले, नाल्याचा उतार तेवढा उरला. तेव्हा भोकरगव्हाण आजारीच राहिले. शनिवार-रविवारी जिल्ह्यावरून साहेब लोक सहकुटुंब पांदणीत फिरायला येऊ लागले, बाकड्यांवर बसून दीर्घ श्वास घेऊ लागले. त्यांना खरेच बरे वाटत होते. हवा चांगली आहे, यात वाद नाही.

उकंडरावांनी डोक्यावर वाहून वाहून चार पोती नाल्यातून घरी आणली. बाकीची अजून खळ्यावर आहेत. प्रकरण तहसिलीत चालू आहे. उकंडराव पांढरा सदरा घालून प्रत्येक तारखेला हजर असतात. तहसीलदार दर वेळी विचारतात, दुसरा साक्षीदार आला का. तो गावचाच असला पाहिजे, अशी अट आता त्यांनी काढून टाकली आहे. बाहेरचा चालेल. प्रत्यक्ष पाहिलेले नसले, नुसते कोणाकडून सविस्तर कळलेले असले, तरी तूर्त चालवून घेऊ, म्हणतात. त्याचे डोके ठिकाणावर असावे, एवढेच.

अशा वर्णनाचा माणूस कुठून आणायचा, हा उकंडरावांपुढे प्रश्न होता. आता तो राहिलेला नाही, कारण इथपर्यंत तुम्ही वाचलेच आहे. पांदण कुठून निघते, कुठे जाते, कोण वापरत होते, कोणी अडवली, हे सगळे तुम्हाला ठाऊक झाले आहे, आणि तुमच्याजवळ कार्ड नाही. पुढची तारीख माघ वद्य दशमी. कचेरी साडेदहाला उघडते.

उकंडरावांना मी हे सांगितले, तर त्यांचा काही विश्वास बसला नाही. “नाही येनार थे,” ते म्हणाले. “वाचनाराइले काम असते.”

आला नाहीत म्हणून तुमच्यावर काही कारवाई होणार नाही, हेही इथे नमूद केले पाहिजे. परिपत्रकाच्या शेवटच्या पानावर तशी तरतूद आहे: ज्या इसमास सर्व काही आठवते, परंतु जो कोठेही जाऊन ते सांगत नाही, त्यास निरोगी समजावे.